ऊती म्हणजे काय आणि आजार तिथे काय करतो? रिपोर्टच्या खिडकीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरमधून आलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे काप घ्यायचे, रंगवायचे आणि काच म्हणजे स्लाइड तयार करून पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांकडे द्यायची, हे माझं काम. निदान डॉक्टर करतात. पण रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक कागद उलगडतात तो माझ्या खिडकीसमोर, आणि त्यातल्या अनोळखी शब्दांनी त्यांचा चेहरा उतरतो तोही तिथेच. त्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. ही त्यांची उत्तरं. तुमच्या रुग्णाबद्दलचा निर्णय मात्र त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

पेशी आणि ऊती यांत फरक काय?

पेशी एकटी असते. एकाच प्रकारचं काम करणाऱ्या पेशी आपापसात आणि त्यांच्या भोवतीच्या धाग्यांसकट, द्रवासकट एकत्र नांदायला लागल्या की ती ऊती. अशा वेगवेगळ्या ऊती मिळून अवयव होतो. जठर म्हणजे आतून अस्तर, त्याखाली जोडणारी जाळी, मग स्नायूंचे थर आणि या सगळ्यांतून फिरणाऱ्या नसा व रक्तवाहिन्या. 'जठराचा आजार' या शब्दांतून फारसं काही कळत नाही. अस्तर सोललं की अल्सर, स्नायू ढिला पडला की अन्न पुढे सरकत नाही. अवयव एक, आजार दोन.

हा विचार पहिल्यांदा नीट मांडला फ्रान्समधल्या झाव्हिए बिशा या तरुण शल्यचिकित्सकाने. सूक्ष्मदर्शक न वापरता, केवळ शवविच्छेदन करून, ऊती शिजवून, वाळवून, आम्लात टाकून त्याने २१ प्रकार वेगळे केले. १८०२ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी तो गेला. पुढे १८५८ मध्ये जर्मनीत रुडॉल्फ फिरखोने आजाराचं मूळ पेशीपर्यंत नेलं. आज तुमच्या हातात जो रिपोर्ट आहे, तो या दोघांच्या वाटेवरूनच आलेला आहे.

शाळेत चार प्रकार शिकलो होतो. ते पुन्हा सांगाल का?

अभिस्तर ऊती म्हणजे शरीराची आतली-बाहेरची सगळी अस्तरं: त्वचा, तोंडाची आतली बाजू, आतडं, श्वासनलिका, शिवाय ग्रंथी. संयोजी ऊती म्हणजे बांधणारी, आधार देणारी, भरणारी: हाड, कास्थी म्हणजे कूर्चा, चरबी, स्नायुरज्जू, रक्त. स्नायू ऊती आकुंचन पावते. चेता ऊती निरोप वाहते.

एवढं पाठ असलं तरी पुरेसं नाही, असं मला वाटतं. आजार समजून घ्यायचा तर त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ही ऊती पुन्हा भरून येते का? पुढची बहुतेक उत्तरं या एका प्रश्नाशीच येऊन थांबतात.

रक्त तर पातळ असतं. तीही ऊती कशी?

पेशी आणि त्यांच्यामधलं माध्यम, ही ऊतीची अट रक्त पुरी करतं. फक्त त्याचं माध्यम घट्ट नाही, वाहतं आहे. विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या वाचकांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार माहीत असेल. हिमोग्लोबिनमधल्या एका अमिनो आम्लाची अदलाबदल होते आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. नेहमीची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी. आणि वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या की पुढच्या हाडाला, प्लीहेला रक्त पोचत नाही, म्हणून त्या असह्य कळा. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी रक्त तपासून घ्यायला लाजू नका.

कापलेलं बोट आठवड्यात भरतं, मग गुडघा वर्षानुवर्षं का भरत नाही?

कारण दोन्हींच्या ऊती वेगळ्या आहेत, आणि त्यांचा भरून येण्याचा वेगही.

आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात बदलतो. हाड सतत झिजत आणि घडत असतं, म्हणून मोडलं तरी जुळतं, आणि चांगलं जुळलं तर पुढे एक्स-रेमध्ये जागाही ओळखू येत नाही. यकृत तर विलक्षण. आपल्या माणसासाठी यकृताचा निम्म्याहून जास्त भाग दान करणारे लोक आहेत, आणि उरलेला भाग काही महिन्यांत वाढून जवळजवळ मूळ आकाराला येतो. कापलेला भाग फांदीसारखा नव्याने फुटत नाही, जे उरलं तेच मोठं होतं.

याच्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यातली कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिला खाणं मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, झिरपून. दुरुस्तीचं सामान रक्तातून येतं, आणि इथे रस्ताच नाही. म्हणून झिजलेली कूर्चा परत येत नाही. 'वंगण वाढवतो', 'गादी भरून काढतो' असं सांगून चूर्ण आणि तेलं विकणाऱ्यांवर माझा राग आहे, कारण त्यांच्या पायऱ्या चढणारी माणसं खरोखर दुखणं सोसत असतात. वजन कमी करणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणं यांनी दुखणं खरंच कमी होतं. स्नायू वाढू शकतो, कूर्चा नाही.

हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला जेमतेम १ टक्का नव्या होतात, उतारवयात त्याहूनही कमी. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी आयुष्यभर त्याच.

हार्ट अटॅक आणि पक्षाघातात 'वेळेत आणा' असं इतकं का सांगतात?

वर सांगितलं ते आकड्यांत बघा. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू कायमचा मरायला लागतो. मरण आतल्या बाजूने सुरू होतं आणि काही तासांत भिंतीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत पसरतं. त्या तासांत वाहिनी उघडली तर बाहेरचा स्नायू वाचतो. मेलेल्या जागी पुढच्या दोनेक महिन्यांत पांढरा, चिवट व्रण तयार होतो. व्रण भिंत धरून ठेवतो, पण आकुंचन पावत नाही. म्हणूनच अटॅकमधून वाचलेल्या माणसाला पुढे जिना चढताना धाप लागू शकते. पहिल्या आठवड्यात तर ती जागा फार मऊ असते, मेलेला स्नायू साफ होतोय आणि व्रण अजून बांधला गेलेला नाही अशी. 'आता बरं वाटतंय' म्हणून उठून कामाला लागणाऱ्या काकांना मी हेच सांगते.

मेंदूचं गणित आणखी कठोर आहे. मोठी वाहिनी तुंबली असेल तर उपचाराशिवाय जाणाऱ्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळलं, तर 'पित्त झालं असेल, सकाळी बघू' म्हणू नका. थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

रिपोर्टात 'फायब्रोसिस' लिहिलंय. म्हणजे काय?

ज्या जागी मूळ ऊती परत येऊ शकली नाही, तिथे शरीराने कोलॅजेनच्या धाग्यांनी भरलेलं ठिगळ म्हणजे फायब्रोसिस. गुडघ्यावरच्या जुन्या जखमेचा व्रण बघा, तिथे केस नाहीत, घामाची छिद्रं नाहीत. जागा भरली, काम परत आलं नाही. फुप्फुसात, यकृतात, मूत्रपिंडात हेच होतं, फक्त दिसत नाही.

गुटखा सोडला तरी तोंड का उघडत नाही?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा विशी-तिशीतले असतात, आणि सोबत आई किंवा बायको असते. म्हणून इथे जरा थांबते.

आपल्या तोंडाच्या आतल्या अस्तराखाली एक मऊ, सैल जाळी असते. गाल ताणला जातो तो तिच्यामुळे. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन त्या जाळीतल्या पेशींना जास्त कोलॅजेन बनवायला लावतं, आणि सुपारीतलं तांबं ते धागे एकमेकांत पक्के गुंफायला मदत करतं. जुनं कोलॅजेन मोडण्याचं कामही मंदावतं. आधी तिखट झोंबायला लागतं. मग गाल आतून पांढरट दिसतो, बोटाला दोऱ्या लागल्यासारख्या लागतात. शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही, शेवटी घास घेणं अवघड. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. हे नाव रूढ झालं ते डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केलेल्या वर्णनानंतर.

स्लाइडवर ही ऊती मी दुरूनच ओळखते. जिथे सैल गुलाबी धाग्यांची जाळी हवी, तिथे एकसंध, काचेसारखा गुलाबी पट्टा दिसतो. रक्तवाहिन्या दाबल्या गेलेल्या. वरचं अस्तर पातळ पडलेलं. अशा उपाशी अस्तरातच पुढे कर्करोगाची सुरुवात होऊ शकते.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. पण लोक मला सांगतात, 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी'. मुख्य गुन्हेगार तीच आहे. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं. लहान मुलांच्या हातातली गोड सुपारीची पुडी मला म्हणूनच बघवत नाही.

सोडल्यावर तोंड पहिल्यासारखं उघडेल का? बनलेलं कोलॅजेन सहसा विरघळून जात नाही, पण वाढ थांबते, आणि व्यायामाने, औषधांनी, गरज पडल्यास शस्त्रक्रियेने बरंच मिळवता येतं. आत्ता आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाला. जात नसतील तर या आठवड्यात दंतवैद्याकडे जा.

फॅटी लिव्हर परत चांगलं होतं का?

बहुतेक वेळा होतं. नुसती चरबी साठली असेल, पेशी जिवंत असतील, तर वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरवल्यावर चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात, सुरुवातीचं फायब्रोसिससुद्धा मागे हटू शकतं. दारू असेल तर पूर्ण बंद. सिरोसिस म्हणजे पुढची पायरी: धाग्यांच्या भिंतींनी यकृताचे गोळे-गोळे केलेले. पेशी वाढायची धडपड करतात, पण रक्ताचे मार्ग बिघडलेले असतात. तिथून पूर्ण माघार फार कठीण. सोनोग्राफीत 'ग्रेड वन' आलं की हसून सोडून देऊ नका, सगळ्यात जास्त हातात असतं ते त्याच वेळी.

'ग्रॅन्युलोमा' म्हणजे कॅन्सरची गाठ का?

नाही. हा शब्द वाचून खिडकीवर रडलेल्या माणसांना मी पाणी दिलं आहे, म्हणून मोठ्याने सांगते: नाही. शत्रू मारता येत नाही तेव्हा त्याच्याभोवती पेशींनी घातलेला वेढा म्हणजे ग्रॅन्युलोमा. आपल्याकडे त्याचं सर्वांत नेहमीचं कारण क्षयरोग. मधोमध ऊती मरून नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखी झालेली असते. मानेतल्या क्षयाच्या गाठींना आपल्या आजीच्या काळी गंडमाळ म्हणत. नियमाने औषधं घेतली तर हा आजार बरा होतो, कोर्स साधारण सहा महिन्यांचा. बुरशी, कुष्ठरोग, अगदी जुना टाकासुद्धा ग्रॅन्युलोमा करू शकतो, म्हणून डॉक्टर आणखी तपासण्या सांगतात.

कुष्ठरोगाचे जंतू चेता ऊतीत घर करतात, म्हणून चट्टा बधिर असतो. न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या, स्पर्श न कळणाऱ्या चट्ट्याला घाबरून लपवू नका. सहा किंवा बारा महिन्यांची औषधं मोफत मिळतात, आणि नस कायमची जाण्याआधी ती सुरू होणं महत्त्वाचं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये काम केलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाइतकंच कुष्ठरोगातल्या नसांवरही संशोधन केलं. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात.

मेटाप्लेसिया, डिस्प्लेसिया आणि कॅन्सर: हे एकच का?

नाही, पण कधीकधी एकाच रस्त्यावरची गावं असतात. विडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेचं नाजूक, केसाळ अस्तर धुराला कंटाळून चिवट, चपट्या पेशींचं होतं. हा मेटाप्लेसिया, म्हणजे ऊतीने वेश बदलला. धूर थांबला तर बहुधा मागे फिरतो. डिस्प्लेसियात पेशींची शिस्त मोडते: केंद्रकं मोठी, गडद, थर विस्कटलेले. तरी अस्तराखालचा पडदा अजून शाबूत असतो. तो भेदून पेशी खाली उतरल्या की मग पसरणारा कर्करोग. गर्भाशयमुखात या प्रवासाला बहुधा अनेक वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी हलकेच खरवडून बघणं, आपल्याला देत असते. घरातल्या बाईला 'तुला काही होत नाहीये ना, मग कशाला' असं म्हणून ती संधी घालवू नका.

कार्सिनोमा आणि सार्कोमा? आणि 'ग्रेड ३' म्हणजे तिसरी स्टेज ना?

अस्तरातून किंवा ग्रंथीतून निघाला तो कार्सिनोमा, हाड-स्नायू-चरबीतून निघाला तो सार्कोमा. मोठ्या माणसांचे बहुतेक कर्करोग कार्सिनोमा असतात. नवल नाही, अस्तरं सतत नवी होत असतात आणि तंबाखू, धूर यांचा पहिला मारही तीच खातात. भरून येण्याच्या गुणाची ही दुसरी बाजू.

ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत रोज होते. पेशी मूळ ऊतीपासून किती बदलल्या आहेत, हे ग्रेड सांगते. आजार किती दूर गेला आहे, हे स्टेज. ग्रेड ३ ची छोटी गाठ पहिल्या स्टेजची असू शकते. त्यामुळे नुसता बायॉप्सीचा कागद वाचून 'थर्ड स्टेज आहे' असा फोन गावाला करू नका.

मधुमेहात डोळे, मूत्रपिंड, पाय सगळंच का बिघडतं?

कारण सगळीकडे बारीक रक्तवाहिन्या असतात, आणि वाढलेली साखर त्यांच्या भिंतींचा पाया जाड आणि गळका करते. साखर कोलॅजेनलाही चिकटते, म्हणून मधुमेहींचा खांदा आखडतो. पायाच्या नसा बधिर झाल्या की चप्पल चावलेली कळत नाही. रोज रात्री तळपाय बघा, स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडाला बघायला सांगा.

सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो का?

या भीतीने लोक सहा-सहा महिने गाठ घेऊन फिरतात, आणि तेवढ्यात ती आपोआप पसरते. सुईच्या मार्गावर पेशी रुजणं फार विरळ आहे. वृषणासारख्या काही थोड्या ठिकाणी डॉक्टर बाहेरून सुई घालणं टाळतात, ते त्यांना माहीत असतं. एरवी तुकड्याशिवाय कुठली ऊती, कुठला आजार आणि कोणतं औषध, यातलं काहीच ठरत नाही.

रिपोर्टला चार-पाच दिवस का लागतात? आणि तुकडा आम्हीच न्यायचा असेल तर?

तुकडा फॉर्मालिनमध्ये पूर्ण मुरावा लागतो. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, मेण भरायचं, त्याचा ठोकळा म्हणजे ब्लॉक करायचा. मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचा काप निघतो, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. तो काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा. मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग: केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. हाड असेल तर आधी आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, त्याला आणखी दिवस. विशेष रंग किंवा मार्कर सांगितले तर आणखी. आम्ही उशीर करत नसतो, ऊती तेवढा वेळ मागते.

माझ्या मावशीच्या वेळी एका छोट्या दवाखान्याने तुकडा साध्या पाण्याच्या बाटलीत दिला. मावसभाऊ रात्रीच्या एसटीने निघाला, सकाळी पोचला. तोवर पेशी फुगून फुटल्या होत्या. काचेवर फिकट सावल्या दिसत होत्या, निदान होईना. सत्तरीच्या बाईला पुन्हा टेबलावर जावं लागलं. तेव्हापासून खिडकीवर प्रत्येकाला विचारते: बाटलीत काय आहे?

तुम्हीही विचारा. फॉर्मालिन हवं, तुकड्याच्या किमान दहापट, बाटली रुंद तोंडाची, रुग्णाचं नाव आणि तुकडा शरीराच्या कुठल्या जागेचा ते झाकणावर नव्हे, बाटलीवरच लिहिलेलं. फ्रीजरमध्ये मुळीच नको. एक अपवाद लक्षात ठेवा: क्षयाच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीसाठी, तुकडा जाणार असेल तर तो निर्जंतुक सलाइनमध्ये, वेगळ्या बाटलीत. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. संशय क्षयाचा असेल तर 'दोन बाटल्या लागतील का' हे थिएटरमध्ये जाण्याआधीच विचारून घ्या.

ब्लॉक आणि स्लाइड आम्हाला मिळतात का?

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर अर्ज करून मागता येतात. ब्लॉक जपून ठेवा, स्तनाच्या कर्करोगात हार्मोनच्या आणि हर-टू (HER2) या प्रथिनाच्या तपासण्या त्यातूनच होतात, काही वर्षांनी नवं औषध आलं तरी त्याच मेणातून नवा काप घेता येतो. रिपोर्टचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर तिथेच जुळवून बघा. आणि मुंबईला नेताना गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं. कापडात गुंडाळून पिशवीत, पाण्याच्या बाटलीपासून वेगळं, आणि स्लाइड त्यांच्या डबीतच.